नेतृत्वातील व्यक्तिगत बांधिलकी

स्वीकारलेल्या ध्येयासाठी नेत्याने स्वतःचा वेळ, पैसा आणि प्रतिष्ठा पणाला लावणे म्हणजे व्यक्तिगत बांधिलकी होय. याचे एक उदाहरण पाहू. कराड तालुक्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह चालवताना पैशाची चणचण भासली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी स्वतःचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, त्या मुलांच्या अन्नासाठी दिले. हा त्याग भाऊरावांच्या कार्याइतकाच थोर मानला पाहिजे. अशी वृत्ती विद्यार्थ्यांतही श्रमातून रुजावी, यासाठी ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत, म्हणजे स्वतः कष्ट करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची व्यवस्था, संस्थेत राबवण्यात आली.