पुरात बुडालेल्या गाडीचा गिअरबॉक्स
गिअरबॉक्समधील हवेचा दाब सम राखण्यासाठी त्यावर बारीक नळी असते. गाडी बुडाल्यास त्या वाटेने पाणी तेलात शिरते आणि तेल दुधाळ होते. ऑटोमॅटिक गाडीतील लाल तेल गुलाबीसर दिसते. अशी गाडी सुरू करू नये. चाकांवर ओढण्याऐवजी उचलून न्यावी.

मॅन्युअल गिअरबॉक्समधील तेल त्वरित बदलून, थोडे चालवून पुन्हा बदलल्यास तो बहुधा वाचतो. विलंब झाल्यास बेअरिंग गंजतात; खाडीचे खारे पाणी असल्यास अधिक वेगाने.

ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेटींवरील कागदी अस्तर पाणी शोषून सुटू लागते. टॉर्क कन्व्हर्टरमध्येही दूषित तेल उरते, त्यामुळे एका बदलाने भागत नाही. अस्तर सुटल्यावर गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नसते.