तळटीप : ‘मुले कोडाईला गेली’

१२. ‘मुले कोडाईला गेली’ : किन्हीराजा गावापासून जवळच्या वाशिम शहरात नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय १९३८च्या सुमारास डॉ. ऑर्फा स्पाइकर यांनी उभे केले. या परिसरातल्या ‘मिशनच्या बंगल्या’चा उल्लेख वाचताना हे लक्षात ठेवावे. कोडाई म्हणजे तमिळनाडूतील कोडाईकनाल. तेथे १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. सहा-सात वर्षांचे पोर डोंगरावरच्या शाळेत जाई. मोठी सुट्टी थंडीत मिळे, तेव्हा ते घरी येई; उन्हाळ्यात आई वर जाऊन राही, वडील दौऱ्यावर किंवा दवाखान्यात. लेखकाने हे एका वाक्यात उरकले आहे, पण त्या घरांचे सारे वर्ष या ताटातुटीभोवती फिरत असे. आयाच्या कडेवर, अंगणातल्या सवंगड्यांत मराठी बोलू लागलेली मुले शाळेत मात्र इंग्रजीत शिकत. सुट्टीत घरी आल्यावर ती भाकरी मागत की पाव, याची नोंद कुणी ठेवली नाही, याची हळहळ वाटते.

याच्याही आधीच्या पिढीला हा डोंगर नव्हता; मुलांना थेट अमेरिकेला जावे लागे. उदाहरणार्थ, मिशनरी घरातले रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम १८४७ मध्ये मुंबईत जन्मले. १८५४ मध्ये वडील वारले आणि पुढचे बालपण अमेरिकेत गेले. १८७४ मध्ये ते मिशनरी म्हणून परतले आणि अहमदनगरला स्थिरावले.