उद्योगसातत्य नियोजन (आदिलाबादचे जिनिंग-प्रेसिंग कारखाने)

आग, पूर, टाळेबंदी, यंत्राचा मोठा बिघाड, हिशेबाच्या नोंदी नष्ट होणे किंवा मुख्य गिऱ्हाईक तुटणे अशा आघातानंतर धंद्यातले कोणते काम आधी, कुठे, कोणाच्या हातून आणि किती दिवसांत पुन्हा सुरू करायचे, याची आगाऊ केलेली तजवीज म्हणजे उद्योगसातत्य नियोजन. विम्याने नुकसान भरून निघते, पण गिऱ्हाईक टिकते ते या तजविजीमुळे. या विषयाचे आयएसओ २२३०१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले आणि २०१९ मध्ये सुधारले गेले. त्यातला विचार लहान कारखान्यालाही लागू पडतो; कागदपत्रांचा पसारा मात्र त्याला झेपणारा नाही.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा पैनगंगेच्या दक्षिण काठावर आहे. बेला, जैनथ, भीमपूर या सीमेलगतच्या मंडलांत मराठी सर्रास बोलली जाते. काळ्या जमिनीत कापूस हे मुख्य पीक, आणि त्याच्या जोरावर आदिलाबाद शहराच्या आसपास जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. कापसातून रुई आणि सरकी वेगळी करायची, रुईची सुमारे १७० किलोची गाठ बांधायची आणि सरकी तेलगिरणीला द्यायची, हा त्यांचा धंदा. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. म्हणून इथे ‘किती दिवस बंद परवडेल’ या प्रश्नाचे उत्तर महिन्यागणिक बदलते. जूनमध्ये पंधरा दिवस जिन बंद राहिला तर कोणाला पत्ताही लागत नाही. तेच पंधरा दिवस डिसेंबरात गेले तर वर्षाची कमाई गेली. शहरी नमुन्यावरून उतरवलेल्या योजना नेमक्या इथेच फसतात, कारण त्या वर्षाचे सगळे दिवस सारखे धरतात.

आगीचा धोका सर्वांत जुना. कापसातून आलेला खडा किंवा खिळा यंत्रात घासला की ठिणगी पडते आणि रुई क्षणात पेट घेते. लोहचुंबक खिळे धरतो, खडे धरत नाही. आग विझली तरी काम संपत नाही. ठिणगी रुईसोबत प्रेसमध्ये गेली असेल, तर घट्ट दाबलेल्या गाठीत ती कित्येक दिवस धुमसत राहू शकते. म्हणून आगीच्या आधी बांधलेल्या शेवटच्या गाठी गोदामात न लावता उघड्यावर, एकमेकींपासून दूर ठेवतात आणि त्यांवर नजर ठेवतात. कापसाचे ढीग अंतराने लावणे हीही जुनी रीत आहे. हे सारे नियोजनच; फक्त कुठे लिहिलेले नसते, मुकादमाच्या डोक्यात असते. तो रजेवर असेल तर काय, हा पुढचा प्रश्न.

विम्यात दोन ठिकाणी गफलत होते. पहिली कमी रकमेच्या पॉलिसीची. एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी मिळतात. त्यांत विम्याच्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. पण ४ कोटींचा माल २ कोटींना उतरवला आणि १ कोटीचा माल जळाला, तर हाती निम्मेच येतात. हंगामात साठा रोज फुगतो आणि पॉलिसी मात्र पावसाळ्यातल्या आकड्यावर अडून राहते. दुसरी गफलत अशी की आगीच्या पॉलिसीत बंद काळात बुडालेला नफा येत नाही. त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि भरपाई गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या विक्रीवरून ठरते. तो हिशेब ऑफिसातल्या एकाच संगणकावर असेल आणि ऑफिस जिनाला चिकटून असेल, तर मालाबरोबर दाव्याचा पुरावाही जळतो. टॅलीतल्या हिशेबाची प्रत रोज संध्याकाळी आवाराबाहेर जाणे हा या साऱ्या शास्त्रातला सर्वांत स्वस्त उपाय.

आगीशिवाय बसलेले दोन धक्के अलीकडचे. ८ नोव्हेंबर २०१६ची नोटाबंदी ऐन आवकेच्या दिवसांत आली आणि रोखीवर चालणारी कापूस खरेदी अडखळली. मार्च २०२०च्या टाळेबंदीने हंगामाच्या शेपटाला पैनगंगेची सीमा बंद केली. जिनिंगची यंत्रे बनवणारे नागपूर राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून सुमारे २०० किलोमीटर, पण तेव्हा हे अंतर राज्यांच्या परवान्यांवर मोजले जात होते. सुटे भाग कारखान्यातच ठेवायचे की मागवायचे, याचा हिशेब तेव्हापासून नव्याने मांडायला हवा होता.

खरी मेख एकाच गिऱ्हाइकाची आहे. बाजारभाव हमीभावाखाली गेला की भारतीय कापूस महामंडळ खरेदीला उतरते आणि जिन महामंडळासाठी कामाच्या दराने चालतो. कापसात ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे खरेदीच नाही. अवेळी पाऊस झाला की आवक तिथेच अडते. २०२५ च्या हंगामात शेतकऱ्यांची पाळी ‘कपास किसान’ ॲपवर लागू लागली. तेव्हा ॲप अडले तरी जिनाच्या दारात गाडी येत नाही. अशा वेळी थोडी स्वतःची खरेदी, सरकीचे दोन-तीन ग्राहक आणि बँकेत शिल्लक ठेवलेली उचल यांवरच मजुरी भागते.

बिघाड झाल्यास शेजारच्या जिनात माल चालवण्याचा तोंडी करार अनेक ठिकाणी चालतो. त्यात खोट अशी की हंगामात शेजाऱ्यालाही फुरसत नसते. म्हणून दुसरा करार सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या पांढरकवड्याच्या बाजूला, भाद्रपदातच करून ठेवणे शहाणपणाचे. माल सीमा ओलांडून कामासाठी पाठवताना जीएसटीचे चलन लागते, आणि परराज्यात कामासाठी जाणाऱ्या मालाला किंमत कितीही असो, ई-वे बिलही लागते. हे बिल ज्या पोर्टलवर निघते त्याचा पासवर्ड बहुतेक कारखान्यांत एकट्या हिशेबनिसाकडे असतो.