प्रकाशाने जागं होणारं प्रथिन

मागच्या व्याख्यानात आपण जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनापर्यंत आलो होतो. शिमोमुरांनी ते १९६२ मध्ये वेगळं केलं, चॅल्फींनी १९९४ मध्ये दुसऱ्या जिवांच्या पेशीत चमकवलं. पण सगळंच प्रथिन एकदम उजळलं, तर त्यातलं कुठलं कुठून कुठे गेलं हे कसं कळणार? जत्रेत सगळ्यांनीच हिरवे फेटे बांधले तर आपला माणूस सापडेल का?

२००२ मध्ये जॉर्ज पॅटरसन आणि जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांनी या प्रथिनातलं २०३ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं: थ्रिओनिनच्या जागी हिस्टिडिन. आता ते जवळजवळ अंधारात असायचं. जांभळ्या प्रकाशाचा झोत मारला की त्यानंतर निळ्या प्रकाशात सुमारे १०० पट उजळायचं. म्हणजे पेशीचा हवा तेवढाच कोपरा जागा करायचा आणि तिथलं प्रथिन कुठे जातं ते बघत बसायचं. त्याच वर्षी जपानमध्ये मियावाकींच्या गटाने प्रवाळातलं ‘काएदे’ प्रथिन पुढे आणलं. खिडकीजवळ राहिलेला त्याचा नमुना हिरव्याचा लाल झाला होता! काएदे म्हणजे मेपल. नाव अगदी चपखल, बरं का.

इथे गोष्टीला वळण मिळतं. २०० नॅनोमीटरहून जवळचे दोन ठिपके प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला वेगळे दिसत नाहीत, ही आबेंनी १८७३ मध्ये सांगितलेली मर्यादा. पण ठिपका एकटा असेल, तर तो कितीही पसरट दिसो, त्याचा मध्य नेमका काढता येतो. मग थोडेच रेणू पेटवा, मध्य टिपा, विझवा, पुढचे पेटवा. एरिक बेट्झिग यांनी १९९५ मध्येच याच्या जवळची कल्पना मांडली होती, पण मनासारखा रेणू नव्हता. २००५ मध्ये त्यांना या प्रथिनांची माहिती मिळाली. तेव्हा ते आणि हॅराल्ड हेस दोघेही नोकरीविना होते; उपकरण उभं राहिलं हेस यांच्या बैठकीच्या खोलीत. २००६ मध्ये निबंध, २०१४ मध्ये बेट्झिगना नोबेल. त्या यादीत पॅटरसन नाहीत, हे आपल्याला खटकायला हवं.

आणि एक गोष्ट विसरू नये. ती पहिली चित्रं स्थिर केलेल्या, म्हणजे मेलेल्या पेशींची होती. एकेका चित्राला काही तास लागले. जिवंत पेशी तेवढा वेळ थांबत नाही, आणि जांभळा प्रकाश तिला इजाही करतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञ अजून सौम्य, लालसर प्रकाशाने जागे होणारे रंग शोधताहेत.