शेअर्ड सर्व्हरवर आपल्यापुरत्या पीएचपी सेटिंग्ज



दिवाळी अंकासाठी आम्ही मुलांची चित्रे संकेतस्थळावरून मागवली. काही नोंदी चित्राविना आल्या, काही कोऱ्याच. पालक म्हणत, "आम्ही तर पाठवले!" ते खरेच होते. अडचण पीएचपीच्या मूळ मर्यादांची होती. अल हिलालमधले आपले अनेक सभासद गावाकडच्या शाळेचे किंवा देवस्थानाचे संकेतस्थळ इथून सांभाळतात, त्यांच्यासाठी हे टिपण.

मर्यादा कोणत्या?

एका फाइलची मर्यादा (अपलोड_मॅक्स_फाइलसाइज) मुळात २ एमबी, तर पूर्ण फॉर्मची (पोस्ट_मॅक्स_साइज) ८ एमबी असते. फाइल २ एमबीहून मोठी असली तर नाव पोचते, चित्र गळते. मोबाइलवरचे ४ एमबीचे तीन फोटो एकदम पाठवले तर १२ एमबी होतात. मग नावही पोचत नाही.

बदल कुठे करावा?

शेअर्ड सर्व्हरवरची मुख्य पीएचपी डॉट आयएनआय फाइल सर्वांची असते, तिला आपल्याला हात लावता येत नाही. त्यासाठी २००९ साली आलेल्या पीएचपी ५.३ पासून 'डॉट यूजर डॉट आयएनआय' ही सोय आहे. या नावाची साधी मजकूर-फाइल संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवावी. आमच्या फाइलमधल्या ओळी:

अपलोड_मॅक्स_फाइलसाइज = १०एम
पोस्ट_मॅक्स_साइज = ३२एम
डेट.टाइमझोन = एशिया/कतार
डिस्प्ले_एरर्स = ऑफ

(प्रत्यक्षात हे सर्व रोमन लिपीत व इंग्रजी अंकांत टंकावे. फाइलचे नाव ठिपक्याने सुरू होते.)

लक्षात ठेवा

१. फॉर्मची मर्यादा फाइलच्या मर्यादेपेक्षा मोठीच हवी.
२. बदल लगेच दिसत नाही. पीएचपी ही फाइल साधारणपणे ३०० सेकंदांनी पुन्हा वाचते, तेव्हा पाच मिनिटे थांबा.
३. ही सोय सीजीआय, फास्टसीजीआय व एफपीएम पद्धतीतच चालते. पीएचपी अपाचेचे मॉड्यूल असेल तर 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस'मध्ये 'पीएचपी_व्हॅल्यू' लिहावे. तीच ओळ सीजीआयवर लिहिली तर बहुधा ५०० क्रमांकाची चूक येते.
४. या दोन मर्यादा प्रोग्रॅममधून 'आयएनआय_सेट'ने बदलत नाहीत, कारण प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच फाइल येऊन गेलेली असते.
५. टाइमझोन न दिल्यास पीएचपी यूटीसी धरते आणि संध्याकाळी ७ ची वेळ ४ दिसते. भारतातल्या संकेतस्थळासाठी एशिया/कोलकाता लिहा. तिथली वेळ आपल्यापुढे अडीच तास.
६. ही फाइल ब्राउझरमधून उघडत नाही ना, ते तपासा. तिच्यात पासवर्ड कधीही लिहू नका.

खात्रीसाठी 'पीएचपीइन्फो'चे पान उघडून 'लोकल व्हॅल्यू'चा रकाना पाहावा व ते पान लगेच काढून टाकावे. आकडा बदललेला नसेल तर होस्टिंगवाल्यांनी तो बांधून ठेवलेला असू शकतो. मग त्यांनाच लिहावे.

आम्ही त्या पालकांना फोन करून चित्रे पुन्हा मागवली. आता फॉर्म खुला करण्याआधी एक मोठा फोटो स्वतः पाठवून पाहतो. आपणही पाहावा.

कळावे.