नंबरप्लेट आणि माज

रस्त्यात कोणी कट मारून, वर शिवी घालून गेला आणि आपण तो किस्सा ऑफिसात सांगायला लागलो, की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गाडी कुठली होती?" काळ्या काचांची पांढरी फॉर्च्युनर किंवा बीएमडब्ल्यू म्हटलं, की लगेच "मग बरोबर!" जुनी वॅगन-आर म्हटलं, तर समोरचा जरा गोंधळतो. रिक्षावाला, टेम्पोवाला, एमएच-१२, एमएच-१४... प्रत्येकाला आपण एकेक स्वभाव वाटून दिलाय.

हा तक्ता आपण बनवलेला नाही मंडळी. तो मोटारीइतकाच जुना आहे. खरं तर मोटारीच्याही आधीचा.

१८९० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत रस्त्यावरचा खलनायक होता सायकलवाला! हॅंडलवर मान खाली घालून सुसाट जाणाऱ्याला 'स्कॉर्चर' म्हणत आणि त्याच्या नावाने सगळे बोटं मोडत. मग मोटार आली आणि सायकलवाला एकदम सज्जन झाला. जानेवारी १८९६ मध्ये इंग्लंडात केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या मोटारविक्रेत्याला वेग मोडल्याबद्दल दंड झाला. गावातली मर्यादा होती ताशी २ मैल आणि हा पठ्ठ्या चालला होता ८ मैलांनी. म्हणजे साधारण १३ किलोमीटर! त्याला पाठलाग करून पकडणारा पोलीस होता सायकलवर.

तेव्हा मोटार होती फक्त श्रीमंतांकडे. त्यामुळे 'अमक्या कंपनीची गाडी' वगैरे भानगड नव्हती. मोटार म्हणजेच माज. धूळ उडवायची त्यांनी आणि खायची पायी जाणाऱ्यांनी. १९०६ मध्ये वुड्रो विल्सन (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते, तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रमुख होते) म्हणाले होते, की लोकांत समाजवादी भावना पसरवायला मोटारीइतकं दुसरं काही कारणीभूत नाही, कारण श्रीमंतीचा उद्दामपणा तिच्यात डोळ्यांना दिसतो.

१९०८ च्या 'द विंड इन द विलोज' या मुलांच्या पुस्तकातला मिस्टर टोड हा असाच एक पैसेवाला मोटारवेडा बेडूक. त्याला कोर्टात शिक्षा होते ती फार मजेदार आहे. मोटार चोरल्याबद्दल १ वर्ष, बेफाम चालवल्याबद्दल ३ वर्षं आणि पोलिसांशी उद्धटपणा केल्याबद्दल १५ वर्षं! बेरीज १९ होते, म्हणून राउंड ऑफ करून २०. विनोद आहे, पण लोकांना नक्की काय खुपत होतं ते यावरून कळतं.

आता आमच्या धंद्यातल्या माणसाला आवडेल असा भाग. उद्धटपणाचं मूळ काय, तर निनावीपण. धडक मारून, धूळ उडवून गेलेला माणूस कोण होता हे कळायलाच मार्ग नव्हता. युजर आहे, पण युजर-आयडी नाही! यावर पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्येच उपाय काढला होता: गाडीवर मालकाचं नाव, पत्ता आणि परवान्याचा नंबर असलेली पट्टी. ब्रिटनने १९०३ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक मोटारीला नंबर सक्तीचा झाला. बऱ्याच मोटारमालकांना हे अजिबात रुचलं नाही. नंबर काय तो भाड्याच्या घोडागाडीला, आम्हाला कशाला?

आणि मग काय झालं? लंडनचा 'ए १' हा नंबर मिळवला अर्ल रसेल यांनी (तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू). तो मिळावा म्हणून ते रात्रभर रांगेत उभे होते असं सांगतात. म्हणजे माजाला वेसण घालायला जी पट्टी आणली, तीच पहिल्या दिवसापासून मिरवायची वस्तू झाली! आपल्याकडे ४१४१ चा 'दादा' आणि ८०५५ चा 'बॉस' करून लावणारे लोक याच परंपरेतले. ०००१ साठी आरटीओत काही लाख मोजणारेही.

पुढे गाड्या स्वस्त झाल्या. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला होती, ती १९२० च्या दशकात ३०० च्या खाली आली. आता शिव्या घालणाऱ्याकडेही मोटार होती. मग 'मोटारवाले माजलेत' म्हणून कसं चालेल? शिवीची वाटणी झाली आणि ती एकेका ब्रॅंडवर जाऊन बसली.

या तक्त्यात तथ्य आहे का? थोडं आहे. कॅलिफोर्नियात पॉल पिफ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. झेब्रा क्रॉसिंगवर एक माणूस उभा करायचा आणि कोण थांबतं ते बघायचं. सगळ्यात साध्या गटातली एकूण एक गाडी थांबली. सगळ्यात भारी गटातल्या जवळजवळ निम्म्या तशाच पुढे गेल्या. २०२० मध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या यान-एरिक लॉनक्विस्ट यांनी १,८९२ फिनिश कारमालकांचे स्वभाव तपासले. वादावादी करणारे, हट्टी, दुसऱ्याची पर्वा नसलेले पुरुष ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज जास्त प्रमाणात बाळगतात असं निघालं. पण थांबा, त्याच अभ्यासात असंही निघालं की शिस्तीचे, कामसू लोकही याच गाड्या घेतात, आणि त्यात स्त्रिया-पुरुष दोघेही आले. तेव्हा नुसत्या लोगोवरून आत कोण बसलंय ते काही कळत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलेला प्रयोग मात्र १९६८ चा आहे. डूब आणि ग्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातच सिग्नल हिरवा झाल्यावरही गाडी मुद्दाम हलवली नाही. कधी गाडी नवीकोरी, महागडी क्रायस्लर. कधी जुनी, खटारा फोर्ड किंवा रॅंबलर. १२ सेकंदांत मागून हॉर्न येतो का ते मोजलं. जुन्या गाडीवर ८४ टक्के लोकांनी हॉर्न मारला, महागड्या गाडीवर फक्त ५० टक्के. जुन्या गाडीला तर दोघांनी हॉर्नऐवजी सरळ मागून ठोकलं! आणि विद्यार्थ्यांना नुसतं कागदावर विचारलं, तर मुलगे म्हणाले आम्ही भारी गाडीवर आधी हॉर्न मारू. कागदावर सगळेच शूर!

आपलंही असंच चालतं. रिक्षावाल्याला, डिलिव्हरीवाल्या पोराला आपण काच खाली करून सुनावतो. काळ्या काचांच्या गाडीला मुकाट साइड देतो आणि मग कॅंटीनमध्ये तिच्या मालकाची कुंडली मांडतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. आपल्यासारखेच होते दोघं, मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले. गाडी चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा. त्याला आधी जामीन मिळाला तेव्हा ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट होती. लोक खवळल्यावर तो आदेश बदलला. पण एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. कोटीच्या वरची ती गाडी कायमच्या नोंदणीशिवाय रस्त्यावर होती. १,७५८ रुपये फी भरायची राहिली होती, असं परिवहन खात्याने सांगितलं.

पॅरिसने १८९३ मध्ये काढलेला साधा उपाय १३१ वर्षांनी पुण्यात त्या गाडीवर नव्हता. किती पेट्रोल पंप, किती सिग्नल, किती सोसायट्यांचे वॉचमन यांच्या समोरून ती गेली असेल! दुचाकीची प्लेट जरा वाकडी असली तरी बाजूला घ्यायला लावतात आपल्याकडे.

तेव्हा "गाडी कुठली होती?" हा प्रश्न विचारायला हरकत नाही. पण त्याच्या मागोमाग "नंबर घेतलास का?" हेही विचारूया. आणि तो लिहून घेताना हात वॅगन-आरसाठी जितका पटकन उठतो, तितकाच फॉर्च्युनरसाठीही उठतोय का, ते ज्याने त्याने बघावं.