बेचाळीस एमबी

परवा सकाळी मेल उघडली तर होस्टिंगवाल्यांची सूचना येऊन पडली होती: तुमची ९५ टक्के जागा भरली आहे. एकूण जागा पाच जीबी! पहिल्यांदा संकेतस्थळ घेतलं तेव्हा १०० एमबी मिळाली होती आणि एवढ्या जागेत आपण भरणार तरी काय, असं वाटलं होतं.

'जागा मोकळी करा' हे शब्द वाचले की माझ्या पोटात अजून गोळा येतो. घरच्यांना कारण माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो.

२००६ च्या दिवाळीत मी बदनापूरला घरी होतो. धाकट्या चुलतबहिणीचं लग्न ठरलं होतं आणि याद्या, पत्ते, सगळं माझ्या मेलवर येणार होतं. पण मेल परत जायला लागली, कारण १०० एमबी भरले होते. जालन्याला जाऊन सायबर कॅफेत बसलो. तासाचे पैसे, मागे दोन पोरं नंबर लावून उभी. फायली आकारानुसार लावल्या. सगळ्यात वर एकच फाइल, ४२ एमबी. पुसली. पाच मिनिटांत मोकळा झालो, परत येताना भजीसुद्धा खाल्ली.

ती फाइल म्हणजे आजीच्या जात्यावरच्या ओव्या. बाबांनी कॅसेटवर भरलेल्या, मी पुण्याला कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेल्या. चार मिनिटांचा आवाज. कॅसेट उतरवून घेताना शेवटी टेपमध्ये गुंतून तुटली होती. पण सीडी आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. पुढे वर्षभरानं सीडी लावली तर तिच्यावर बुरशीसारखे डाग, आणि ड्राइव्ह नुसता घुरघुरत राहिला. आजी तोवर गेली होती.

आता हिशोब बघा. ती फाइल 'वेव्ह' प्रकारची होती. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज न दाबता तसाच ठेवला की मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात. तोच आवाज एमपी३ करून ६४ केबीपीएसवर ठेवला असता तर चार मिनिटांना दोन एमबीसुद्धा लागले नसते. आणि तिच्याच खाली यादीत 'एरर लॉग' नावाची ३१ एमबीची फाइल होती. संकेतस्थळावर काही बिघडलं की सर्व्हर आपोआप तीत नोंद करत जातो. ती वाचत कुणीच नाही. ती मी ठेवली, कारण नाव काहीतरी महत्त्वाचं वाटलं!

ही जागेची वाटणी जुनी आहे. एका मोठ्या कॉम्प्युटरवर अनेकांची खाती असली की एखादाच सगळी डिस्क खाऊन टाकतो, म्हणून १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये रॉबर्ट एल्झ यांनी केलेली डिस्क कोटाची सोय आली. तिच्यात दोन रेघा होत्या. पहिली ओलांडली की ताकीद आणि आवरायला थोडी मुदत. दुसरीला टेकलात की लिहिणंच बंद. शेअर्ड होस्टिंगचा कारभार आजही बराचसा याच कल्पनेवर चालतो.

तेव्हाची टंचाई आज सांगून खरी वाटत नाही. जिओसिटीजवर फुकट पानाला १५ एमबी मिळत. याहूची फुकट मेल २००४ च्या सुरुवातीला चार एमबीची होती. मग १ एप्रिल २००४ ला जीमेल आली, एक जीबी घेऊन, आणि तारखेमुळे अनेकांना ती थट्टाच वाटली. तोवर पुसणं हा आमचा रोजचा व्यवसाय होता. त्यात मराठीची वेगळीच गंमत. वाचणाऱ्याकडे फॉन्ट नसला तर पान म्हणजे नुसती रोमन गिचमिड, म्हणून काहीजण मजकुराचं चक्क चित्र करून लावत. चार ओळींच्या कवितेला तीस-चाळीस केबी!

२६ ऑक्टोबर २००९ ला याहूनं जिओसिटीज बंद केलं. सगळ्यात मोठी साफसफाई म्हणायची ती. जेसन स्कॉट यांच्या आर्काइव्ह टीमनं शेवटच्या महिन्यांत जमेल तेवढी पानं उतरवून घेतली आणि २०१० मध्ये त्यांचा साठा खुला केला. सहाशे जीबीच्या वर भरला तो. आज एवढं खिशातल्या डिस्कमध्ये मावतं.

आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांना (त्यांना नावं ठेवण्यात मीही पुढे असतो) ही अक्कल आमच्या आधी आलेली आहे. तिथल्या अभिलेख कक्षात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. अ कायम ठेवायचे, ड वर्षभरात काढायचे. गठ्ठा किती जाड आहे हा प्रश्नच नाही, हा कागद पुन्हा मिळेल का आणि कधी लागेल, हे बघायचं. मी जालन्यात गठ्ठ्याची जाडी बघितली.

म्हणून या वेळी दोन संध्याकाळ घेतल्या. आधी सगळं घरच्या डिस्कवर उतरवलं, चार फायली उघडून खात्री केली, मग हात लावला. जुन्या बॅकअपच्या फायली, माझ्याच, तिथेच सोडून दिलेल्या: २.१ जीबी. कुठल्याही चुकीच्या पत्त्यावर आलेली मेल गोळा करणारी पेटी, सगळा कचरा: १.३ जीबी. आमचा जुना मित्र एरर लॉग: ४०० एमबी. उरलेले बहुतेक फोटो, त्यात काकांनी पाठवलेले तुरीचे साठ. (बदनापूरच्या संशोधन केंद्रातल्या 'बीडीएन' वाणांचा अभिमान समजू शकतो, पण साठ?) वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहानमोठ्या पाच-सहा प्रती करून ठेवतं, ते वेगळंच. आणि इतक्या वर्षांचं माझं सगळं लिखाण? १४ एमबी.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवून घेतल्या. 'पारी'वर त्या २०१७ पासून येऊ लागल्या, कित्येक आवाजासकट. एका ओवीला ८० अक्षरचिन्हं धरली आणि युनिकोडमध्ये प्रत्येकाला तीन बाइट, तर लाख ओव्यांचा नुसता मजकूर २४ एमबी होतो. माझ्या एका फाइलच्या निम्म्याहून थोडा जास्त.

या आवराआवरीत एक चार केबीची फाइल सापडली, जुन्या फॉन्टमधली. उघडली तर गिचमिड. युनिकोडमध्ये बदलून घेतली. आजीच्या अकरा ओव्या निघाल्या, मीच कधीतरी ऐकून टंकलेल्या. फाइल आता अकरा केबीची झाली आहे. फुगली, पण वाचता येते.

आई म्हणते, त्या कॅसेटवरून थोरल्या आत्यानं एक प्रत भरून नेली होती, निळ्या कव्हरची. आत्याकडच्या कुणी हे वाचत असेल तर माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या टेपच्या खणात बघा. सापडली तर टेपला लावू नका, तशीच ठेवा आणि फोन करा. मी येऊन घेऊन जातो.